एकाच जागी नऊ ठिपके

बोरठाण, ९ फेब्रुवारी

प्रिय तृप्ती,

पाकीट बघून हसली असशील. हस. वसतिगृहात तू माझ्या पलंगावर लोळत फोनवर बोलत बसायचीस आणि मी ओरडायचे. आता मला फोन करायचा तर टेकडी चढावी लागते. मी वर पोचते तेव्हा तू कामावर, आणि तुमच्याकडे फोन दारातच कपाटात ठेवून घेतात. तू घरी येतेस तेव्हा मी खाली. म्हणून पत्र. आमचा जीपवाला चंदर रोज वणीला जातो, तो पोस्टात टाकतो आणि आलेलं घेऊन येतो.

मी इथल्या संस्थेच्या दवाखान्यात नर्स आहे. म्हणजे नर्स, कंपाउंडर, झाडूवाली, आणि नवरा-बायकोची भांडणं आली की पोलीस पाटीलसुद्धा. आजूबाजूच्या नऊ पाड्यांवर संस्थेच्या नऊ बाया आहेत. कोण बाळंत व्हायची आहे, कुणाचं पोर वाळत चाललंय, हे त्या बघतात. आधी वहीत लिहायच्या. दिवाळीनंतर संस्थेने वह्या काढून घेतल्या आणि एकेकीच्या हातात टॅब दिला. लिहिलेलं नाशिकला पोचायला रेंज हवी. ती नऊपैकी एकाही पाड्यावर नाही. आहे ती फक्त म्हसोबाच्या टेकडीवर, एका मोहाच्या झाडाजवळ, आणि तीही पलीकडच्या गुजरातच्या टॉवरची. वर गेलं की फोनवर गुजरातमध्ये स्वागत असल्याचा मेसेज येतो. फुकटात परराज्याची सहल.

आता नऊ जणींनी टेकडी चढायची कशाला? बुधवारी बाजाराला सगळ्या खाली येतात, तेव्हा टॅब धोंडाबाईकडे देतात. धोंडाबाई त्यांच्यातलीच, वयाने मोठी. जन्म शेळ्या राखण्यात गेला, त्यामुळे चढ तिला चढ वाटत नाही. नऊ टॅब गोधडीच्या पिशवीत घालून ती वर जाते, मोहाखाली मांडून ठेवते आणि थोड्या वेळाने उतरते. कुठे गेली होतीस विचारलं तर म्हणते, "टॅब चारून आणले. भागीबाईचा लय हावरा हाय, त्याला जास्त लागतं."

उतरली की माझ्या ओट्यावर बसते. मग बाया आपली पोरं, पिशव्या, पाय बांधलेल्या कोंबड्या, सगळं तिच्याजवळ टाकून बाजार करायला मोकळ्या. मागच्या बुधवारी तिच्याभोवती पाच पोरं होती आणि एकही रडत नव्हतं. माझ्याकडे आली की सुई दिसायच्या आधीच रडतात.

तुझी नोकरी कसली ते नीट सांग. तुझ्या आईला विचारलं तर म्हणाली, कॉम्प्युटरमध्ये आहे.

तुझी,
साधना


इंदिरानगर, नाशिक, २४ फेब्रुवारी

साधनाबाई,

टॅब चारायला नेणारी बाई मला फार म्हणजे फार आवडली. दुपारच्या डब्याला मी सगळ्यांना सांगितलं. आता ऑफिसात कुणी चहाला निघालं की "चरायला चाललो" असं म्हणतात.

आईचं बरोबर आहे, मी कॉम्प्युटरमध्येच आहे. आमची कंपनी लोकांचे फोन, टॅब, लॅपटॉप सांभाळते. कारखाने, शाळा, संस्था आपल्या माणसांना अशी यंत्रं देतात. ती सगळी आमच्या एका सर्व्हरला जोडलेली असतात. कोणतं यंत्र कुठे आहे ते आम्हाला नकाशावर ठिपक्यासारखं दिसतं, आणि वाटलं तर इथे बसून त्याला कुलूप लावता येतं. प्रत्येक यंत्रामागे एक लायसन लागतं. गाडीचं नव्हे ग, सॉफ्टवेअरचं. ज्याला लायसन आहे त्याला सर्व्हर ओळखतो. लायसन काढून घेतलं की ते यंत्र आपोआप बंद पडतं.

सध्या यंत्रं जास्त आणि लायसन्स कमी झालीत. सिन्नरच्या एका कारखान्याला नवी यंत्रं द्यायची आहेत आणि मालक नवीन लायसन घ्यायला तयार नाही. आमचे खैरनार सर म्हणाले, तृप्ती, कुठली यंत्रं नुसती पडून आहेत ती शोध आणि त्यांची लायसन्स काढून घे. हे नीट जमलं तर मला कायम करतील. दोन वर्षं झाली, दर सहा महिन्यांनी नवा कागद. या वेळी जमवणारच.

धोंडाबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांच्या कळपालाही.

तुझी,
तृप्ती


इंदिरानगर, २२ मार्च

साधे,

उत्तर नाही म्हणजे लसीकरणात बुडालेली दिसतेस. मला मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी चोर पकडला! नकाशा बघता बघता एक ढीग सापडला. नाशिक जिल्ह्यासाठी घेतलेली नऊ यंत्रं, आणि ठिपके कुठे, तर गुजरातेत. तेही नऊच्या नऊ एकाच जागी, एकावर एक. आठवड्यातून एकदा थोडा वेळ जागी होतात, मग आठवडाभर गप्प. मागचे चार महिने हेच. म्हणजे कुणीतरी वाटायला दिलेली यंत्रं न वाटता पलीकडे नेऊन विकली असणार, किंवा विकायला ठेवली असणार. सर्व्हरवर संस्थांची नावं नसतात, नुसते क्रमांक असतात, त्यामुळे कुणाची ते मला ठाऊक नाही. खैरनार सरांनी वर कळवलं.

मी अहवालात लिहिलं, 'साठवणूक व चोरीचा संशय'. नऊ लायसन्स काढून सिन्नरला दिली. सर एवढे खूश झाले की म्हणाले, हा नियमच करून टाक. आता बरीच यंत्रं एका जागी पडून दिसली की सर्व्हर स्वतःहून सूचना देतो. तो नियम मी लावलाय, तुझ्या तृप्तीने. गणितात तू मला तुझ्या वहीतून उतरवून द्यायचीस, आठवतंय ना?

त्या चोराच्या डोळ्यांदेखत नऊ यंत्रं एकदम काळी पडली असतील. मला ते बघायला हवं होतं.

तृप्ती


बोरठाण, ३ एप्रिल

प्रिय तृप्ती,

तुझ्या फेब्रुवारीच्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलं. इथे फार वाईट झालंय आणि तुला या कामातलं कळतं, म्हणून लिहिते.

दोन आठवड्यांपूर्वी बाजाराच्या दिवशी धोंडाबाई टॅब घेऊन वर गेली आणि नेहमीपेक्षा लवकर खाली आली. मोहाखाली मांडलेले टॅब एकामागून एक काळे पडले. सगळ्यांवर कुलपाचं चित्र. पाड्यांवरच्या बायांनी ते बघितलं. कुणी म्हणालं उन्हात तापवले, कुणी म्हणालं आपटले असतील. वह्या नाहीत, टॅब बंद. भागीबाई आता घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिते.

काल संस्थेचे जगदाळे साहेब आले. भर बाजारात, माझ्याच ओट्यासमोर, धोंडाबाईला उभं केलं आणि विचारलं, टॅब गुजरातेत कुणाला विकत होतीस? नाशिकहून अहवाल आलाय, यंत्र खोटं बोलत नाही. मी सांगितलं की टॉवर गुजरातचा आहे, टेकडी आपली आहे. ते म्हणाले, सिस्टर, तुम्ही औषधांचं बघा. तिला कामावरून बंद केलं. टॅब मात्र तिच्याच अंगावर टाकले, चौकशी होईपर्यंत सांभाळ म्हणून.

ती एवढंच म्हणाली, "साहेब, म्या इकले नाय. चारायलाच नेत व्हते." बाजारात काही माणसं हसली. मी त्या माणसांना ओळखते, त्यांच्या बायकांची बाळंतपणं मी या हातांनी केलीत.

त्यानंतर एकाही बाईने आपलं पोर तिच्याजवळ ठेवलं नाही. पिशवीसुद्धा नाही. ती ओट्यावर एकटी बसली होती आणि बाया तिच्यासमोरून कडेवर पोरं घेऊन हिंडत होत्या.

हे कोण करतं नाशिकमध्ये, जरा शोध लाव. तुझ्या सरांना विचार.

चंदरने आत्ताच तुझं २२ तारखेचं पत्र हातात दिलं. वाचलं.

वरचं काही खोडत नाही. तुला मी मोहाचं झाड लिहिलं होतं. नऊ बाया लिहिल्या होत्या. गुजरातच्या स्वागताचा मेसेजसुद्धा लिहिला होता. तू डब्याला सगळ्यांना सांगून हसलीस.

साधना


इंदिरानगर, ८ एप्रिल

साधना,

पत्र मिळालं. तीनदा वाचलं. तुझं ते पहिलं पत्र माझ्या ड्रॉवरमध्येच होतं, अहवाल लिहिला त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. मी गुजरात बघितलं आणि पुढचं काही डोक्यात आलंच नाही. मला माफ कर असं लिहायची लाज वाटते, तरी लिहिते.

आता उपाय. ती नऊ लायसन्स सिन्नरला गेली, ती परत मागता येत नाहीत. पण कुठे ना कुठे एखादं यंत्र मोडतं, हरवतं, त्याचं लायसन मोकळं होतं. ते मी लगेच तुमच्या टॅबला लावीन. सर दुपारी जेवायला घरी जातात, तेव्हा त्यांच्या नकळत. फक्त एक अडचण आहे. मी इथून उघडायला जाते त्या क्षणी टॅब रेंजमध्ये चालू असला पाहिजे. नसला तर ते लायसन पुन्हा मोकळं होतं आणि सिन्नरवाले टपलेलेच आहेत. कधी मोकळं होईल ते सांगता येत नाही. म्हणून टॅब चार्ज करून रोज दुपारी वर असले पाहिजेत. एकेक करून सगळे उघडतील. धोंडाबाईंनी चार लोकांना उघडा टॅब दाखवला की त्यांचं तोंड बंद होईल.

अहवालाचं मी बघते. माझं नाव मात्र तिथे कुणाला सांगू नकोस.

तृप्ती


बोरठाण, २० एप्रिल

तृप्ती,

तुझं नाव कुणाला सांगितलं नाही. धोंडाबाईला एवढंच सांगितलं की नाशिकमध्ये माझ्या ओळखीचं कुणीतरी आहे आणि ते दुपारच्याला टॅब उघडणार आहे. ती म्हणाली, "देव त्याचं भलं करो."

ती रोज वर जाते. या उन्हात. तिचा नवरा भिका तिला म्हणतो, जाऊ दे ते, आपण द्राक्षाच्या कामाला जाऊ, पोट भरेल. ती जात नाही. मंगळवारी पहिला टॅब उघडला, भागीबाईचा. धोंडाबाई टेकडीवरून अक्षरशः धावत आली. बुधवारी तिने तो बाजारात भागीबाईच्या हातात दिला. भागीबाई रडली, पण पोर तिनेही जवळ ठेवलं नाही. तिचा नवरा मागे उभा होता. तो म्हणाला, एक परत आणला म्हणजे आठ राहिले. नऊही उघडले की बघू म्हणून तो टॅबही त्याने धोंडाबाईकडेच परत दिला.

मी जगदाळे साहेबांना निरोप पाठवला. ते म्हणतात, अहवाल आहे तसाच आहे.

धोंडाबाईला काम परत नको आहे. मी विचारलं. तिला एवढंच हवंय की ज्या ओट्यासमोर साहेब बोलले तिथेच, बाजाराच्या दिवशी, त्यांनी म्हणावं की ही चोर नाही. तू अहवाल बदललास तर ते म्हणतील. बदललास का?

साधना


इंदिरानगर, २ मे

प्रिय साधना,

पाच उघडले ना? सर्व्हरवर मला हिरवे दिसले. एकेक हिरवा झाला की मी टेबलाखाली मूठ आवळते. धोंडाबाई किती वेळ बसत असतील ग वर! मी लायसन लावते आणि बघतेच, तर टॅब हजर. एकदाही चुकल्या नाहीत.

अहवालाचं खैरनार सरांशी बोलायचंय. ते जरा गडबडीत आहेत, वर्षअखेरची कामं उरलीत. आणि माझं कायम होण्याचं पत्र याच महिन्यात निघणार आहे. तो अहवाल चुकला असं मीच आता म्हटलं तर ते पत्र निघायचं नाही, हे तुलाही कळतंच. हातात पडू दे, दुसऱ्या दिवशी लिहून देते. सगळे टॅब उघडले की अहवालाला तसाही अर्थ राहत नाही. थोडेच दिवस.

पाच झाले, चार राहिले. त्यांना सांग.

तृप्ती


बोरठाण, ९ मे

तृप्ती,

कळतंच असं मला लिहू नकोस. मला कळत नाही.

आज दुसऱ्या कामासाठी लिहिते. इथे चार दिवस वळवाचं वातावरण आहे. सकाळी लख्ख, आणि दुपार झाली की डांगच्या बाजूने काळं येतं, गडगडतं, वारा सुटतो. टेकडीच्या माथ्यावर त्या मोहाखेरीज दुसरं उंच काही नाही. मी धोंडाबाईला म्हटलं, ढग दिसले की खाली ये. ती म्हणाली, "बाई, तो माणूस दुपारच्यालाच उघडतो. म्या नसले तर त्याची मेहनत वाया जाईल."

तुझं काम सकाळी कर. सर ऑफिसात असले तरी कर. आणि पत्र मिळाल्याबरोबर कर.

साधना


इंदिरानगर, १४ मे

साधे, साधे, साधे,

नऊ! नऊच्या नऊ हिरवे!

आज एकदम चार लायसन्स मोकळी झाली. एका शाळेने जुनी यंत्रं परत केली. सर नुकतेच जेवायला गेले होते. मी चारही लावली आणि पडद्याकडे बघत बसले. टॅब हजर होते. एक, दोन, मग तिसरा बराच वेळ पिवळाच राहिला, आणि तिसरा-चौथा एकदमच हिरवे झाले. त्यानंतरही नऊही ठिपके तिथेच होते, ऑफिस सुटेपर्यंत. आनंदाने बसून राहिल्या असतील. आज बुधवार ना? म्हणजे खाली बाजार भरलेला असेल. नऊ उघडे टॅब घेऊन त्या बाजारात कशा उतरल्या असतील, मला डोळ्यांसमोर दिसतं. तू सगळं लिही. काहीही गाळू नकोस.

आणि माझं पत्र निघालं. मी कायम झाले. आईने पेढे वाटले. उद्या अहवाल लिहून देते, अगदी उद्या.

धोंडाबाईंना सांग, तो माणूस मी आहे. आता सांगायला हरकत नाही. एकदा येऊन त्यांना भेटेन म्हणते.

तुझीच,
तृप्ती


बोरठाण, १९ मे

तृप्ती,

काही गाळू नकोस म्हणालीस, म्हणून गाळत नाही.

बुधवारी दुपारी बाजार भरलेला होता तेव्हाच अंधारून आलं. लोकांनी पालं आवरली. माझ्या दवाखान्यात पन्नासेक माणसं शिरली. दोन विजा टेकडीच्या बाजूला पडल्या. पाऊस अर्धा तासही नव्हता. थांबल्यावर भिका ओट्याशी आला आणि म्हणाला, खाली आली का? मी म्हटलं, येईल. संध्याकाळ झाली तेव्हा तो आणि चंदर वर गेले.

मोह मधोमध चिरला होता. ती त्याच्यापासून जरा बाजूला होती. अंगावर मोठी जखम नव्हती. चंदरने तिला पाठीवर आणलं. मी तपासायचं म्हणून तपासलं.

टॅब झाडाखाली नव्हते. भिकाला ते खडकाच्या कपारीत सापडले, तिच्या घोंगडीत गुंडाळलेले, वर दगड लावलेला. पाऊस येताना बघून तिने अंगावरची घोंगडी काढून त्यांना घातली होती. एकालाही पाणी लागलं नव्हतं. सगळे उघडे होते, नऊच्या नऊ. तुझे ठिपके ऑफिस सुटेपर्यंत तिथेच होते ते यामुळे.

तिने ते उघडलेले बघितले की नाही, मला माहीत नाही. मला एवढंच हवं होतं की बघितले असावेत. भिकाने विचारलं, मी हो म्हटलं.

माझं ९ तारखेचं पत्र चंदरकडेच दोन दिवस राहिलं होतं, जीप बंद होती. त्याचा दोष नाही. तुला ते कदाचित आत्ता मिळालं असेल.

मातीला सगळा बाजार आला होता. जे हसले होते तेसुद्धा. जगदाळे साहेबांनी माणसाबरोबर हार पाठवला. भागीबाई मला म्हणाली, बाई, आम्ही तिच्याजवळ पोर ठेवलं नाय. तेच पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी तिला काय सांगू?

तो अहवाल आता तू बदल किंवा राहू दे. धोंडाबाईला ओट्यासमोर एक वाक्य हवं होतं, ते अजून कुणी बोललेलं नाही. तू मला पत्र लिहू नकोस. बाजार बुधवारी असतो.

साधना


इंदिरानगर, ३ जून

साधना,

लिहू नकोस म्हणालीस, तरी हे एक लिहिते. गेल्या बुधवारी बाजारात तुझ्या ओट्यावर उभी राहून बोलले ते तू ऐकलंस. धोंडाबाई चोर नव्हत्या, अहवाल मी लिहिला, टेकडी आपली आहे, दुपारी वर जा म्हणून मीच सांगितलं. घरून चांगल्या चार ओळी पाठ करून आले होते, तिथे एकही धड आली नाही. कुणी मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. जगदाळे साहेब आले नाहीत. त्यांना बैठक होती.

अहवालाचं तुला तिथे सांगितलं नव्हतं. १५ तारखेलाच दुरुस्ती लिहून दिली होती, शब्द दिल्याप्रमाणे. खैरनार सरांनी ती परत केली. म्हणाले, नऊ यंत्रं चालू आहेत, तक्रार कुणाची नाही, बंद झालेलं प्रकरण कशाला उघडायचं? तुझं पत्र आल्यावर मी त्यांना सांगितलं की एक बाई गेली.  ते म्हणाले, वीज पडली त्याला आपण काय करणार? मलाही आठ दिवस स्वतःला तेच सांगावंसं वाटत होतं. पण तुझ्या ९ तारखेच्या पत्रात सकाळी कर असं लिहिलंय, आणि मी दुपारी करायचे ते फक्त सरांना दिसू नये म्हणून.

मी खाली बसले तेव्हा भागीबाई आल्या आणि त्यांनी आपला टॅब माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाल्या, "आमाला नको. आता तुमीच चारा." मग एकेक करून बाकीच्या आल्या. नववा भिकाने आणून दिला. त्याने घोंगडीसकट दिला, मी घोंगडी परत केली, ती त्याने घेतली. तू आत निघून गेलीस. बरं केलंस. परत येताना वणीला जीपमधून उतरले तेव्हा चंदरने माझ्या हातातली पिशवी धरली, पाणी साचलं होतं म्हणून. मला तिथे रडू फुटलं.

टॅब इथे माझ्या खोलीत आहेत, खिडकीत ओळीने मांडलेत. संस्थेला परत द्यायला हवेत, देईन. इथे रेंज भरपूर. दिवसभर नुसते पडून चरत असतात. घरी आले की दिवा लावायच्या आधी त्यांच्याकडे लक्ष जातं.

आज सकाळी कामावर गेले तर सर्व्हरची सूचना येऊन पडली होती. नऊ यंत्रं एकाच जागी, साठवणूक व चोरीचा संशय, ठिकाण इंदिरानगर. नियम मी लावला म्हणून पडताळणीही माझ्याकडेच येते. संशय खरा की खोटा, एवढंच विचारतो. मार्चमध्ये अहवाल लिहिताना मी तो खरा धरला होता, आजही 'खरा' दाबलं.

थोड्या वेळाने खैरनार सर टेबलाशी आले आणि विचारलं, तृप्ती, हा पत्ता कुणाचा?

मी म्हटलं, माझा.

तृप्ती